अडवलं नाही म्हणजे दिलं का?

चांदवडच्या डोंगरात चंद्रनाथाचं जैन लेणं आहे आणि गावात नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय. अचौर्याचं व्रत आणि संगणकाचं शिक्षण जिथे शेजारी नांदतं, तिथे हा प्रश्न विचारायलाच हवा: जे सॉफ्टवेअर पैसे न भरताही कायम चालतं, त्याचे पैसे भरणं हे औदार्य की देणं? फायली दाबून लहान करणारं विनरार सगळ्यांच्या ओळखीचं. येवगेनी रोशाल यांचा हा प्रोग्रॅम १९९५ पासून आहे. ४० दिवस वापरून पाहा, पुढे परवाना घ्या, ही त्याची अट. मुदत संपल्यावर मात्र काही बंद पडत नाही. एक चौकट उघडते, परवान्याची आठवण करून देते, आणि हात सवयीने तिच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे जातो.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. मालकाचं किती नुकसान झालं, कुलूप होतं की नव्हतं, याची तिथे चौकशीच नाही. देणाऱ्याने दिलं होतं का, एवढंच पाहायचं. म्हणून सगळं फुकट सॉफ्टवेअर एका मापाने मोजता येत नाही. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमन यांनी पीसी-टॉक हा संगणकांना फोनवरून जोडणारा आपला प्रोग्रॅम लोकांना मोकळेपणाने वापरू दिला, वाटू दिला आणि आवडला तर २५ डॉलर पाठवा, अशी विनंती केली. तिथे वस्तू आधीच दिलेली होती. चांदवडच्याच रेणुकामातेच्या देवळात पेटीत काही न टाकता दर्शन घेणारा जसा कुणाला लुबाडत नाही, तसाच न पाठवणाराही. विनरारचं तसं नाही. तिथे दिलेले आहेत ४० दिवस.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की कंपनीला हे ठाऊक आहे, वर्षानुवर्षं ती चालू देते, म्हणजे तिची मूक संमतीच आहे. पण ती मूक कुठे आहे? मुदत संपल्यावर ती चौकटीतून पुन्हा पुन्हा आपली अट सांगते. तिने सोडली आहे ती सक्ती. हक्क सोडलेला नाही. दुसरा आक्षेप, प्रत काढल्याने मूळ कमी होत नाही. जैन परंपरेने गृहस्थाला न दिलेलं पाणी आणि माती घेण्याची सूट दिली आहे, हे इथे आठवेल. ती सूट सर्वांसाठी मोकळ्या असलेल्या गोष्टींची आहे. प्रोग्रॅम मात्र कुणीतरी रात्री जागून लिहिलेला असतो, आणि न संपणारा असला तरी तो त्याचाच असतो.

उरतो विद्यार्थी. डॉलरमधली किंमत त्याला जड जाते, हे खरंच आहे, आणि त्याच्यावर चोरीचा शिक्का मारायची मला घाई नाही. पण नाइलाज म्हणायला दुसरी वाट बंद असावी लागते. इगोर पावलोव यांचं सेव्हन-झिप १९९९ पासून खरोखर मोफत आहे, कचेरीतही, आणि विनरारच्या फायलीही उघडतं. मुदत उलटल्यावर परवाना घ्यायचा नसेल तर विनरार काढून ते बसवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.