आयता घास

समुद्रात पिसांसारखे हात पसरून वाहतं अन्न टिपणारा क्रिनॉइड नावाचा प्राणी असतो. त्याच्या अंगावर मायझोस्टोम राहतो: चपटा, जेमतेम काही मिलिमीटरचा, गांडुळाचा लांबचा नातेवाईक. पायांच्या 5 जोड्या, पायांना आकडे. आकड्यांनी यजमानाला घट्ट धरायचं आणि त्याच्या तोंडाकडे निघालेला घास वाटेतच सोंडेने ओढायचा. कोट्यवधी वर्षांत शरीरच या कामासाठी घडलं.

मग हा फुकट्या का? मला नाही वाटत. ज्याला वेगळं वागता आलं असतं, त्यालाच तो शब्द लागू होतो. या किड्याला आकडा सोडून जायला जागाच नाही.

मला आहे. माझा पगार ज्या ओपन सोर्स कोडवर चालतो, तो कुणीतरी जागून, फुकट लिहिलाय. सहा वर्षांत मी एक ओळही परत दिली नाही. लायसन्स परवानगी देतं, मान्य. पण परवानगी मिळाली म्हणून ऋण फिटत नाही. ‘सगळेच वापरतात’ हा माझा आकडा, आणि तो उत्क्रांतीने दिलेला नाही.

एका लायब्ररीतला बग मला कधीपासून ठाऊक आहे. आज तो दुरुस्त करून पाठवतोय.