कान आणि काटा

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणं म्हणजे वाऱ्याला धरून ठेवण्यासारखं आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य, एवढे दोनच उपाय सांगतात. या दोन्ही शब्दांचा अर्थ मला यंदा विमानात बसून थोडा उमगला.

मी इथे ओहायोत हौसेनं छोटं विमान उडवतो. ढगांत फक्त उपकरणं बघून उडण्याचं रेटिंगही आहे. ते कधी संपत नाही. पण मागच्या सहा महिन्यांत उपकरणांवरचे सहा अप्रोच आणि होल्डिंग वगैरेचा सराव झाला नसेल, तर ते वापरता येत नाही. खंड आणखी सहा महिने लांबला, की पुन्हा तपासणी द्यावी लागते. आईच्या आजारपणात माझी दोन वर्षं गेली होती.

बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी मी छातीठोकपणे म्हणालो, "सरळ चाललोय." शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणाले, "काटे बघा." विमान उजवीकडे चांगलंच कललं होतं!

यात कानाचा दोष नाही. वळण बराच वेळ एकसारखं राहिलं, की आतल्या कानातला द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग विमान सरळ केलं, तर उलट बाजूला वळल्यासारखं वाटतं. खात्री पूर्ण असते, पण ती खोटी असते. अशा वेळी अंगाचं म्हणणं बाजूला ठेवून काट्यांचं ऐकायचं. हे माहीत असून भागत नाही, अंगवळणी पडावं लागतं.

काही आठवड्यांनी तपासणी पार पडली. पुढच्याच शनिवारी लेकीला घेऊन पिट्सबर्गला मावशीकडे जायचं ठरलं होतं. सकाळी पाहिलं तर ढग पाचशे फुटांवर. नियमाने जाता आलं असतं. मी कार काढली.

वाटेत लेक हिरमुसून म्हणाली, "बाबा, आता तर तुम्हाला परवानगी आहे ना?"

"आहे गं. पण सवय अजून पुरती परतली नाहीये."

हे बोलायला मला जड गेलं. 'मला जमेल' असं सांगणारं मन त्या कानासारखंच, आतून अगदी खात्रीनं बोलतं. त्याला विचारून उपयोग नाही, वही बघावी लागते. वहीत दोन वर्षं कोरी होती. परवानगी माझी होती, पण शेजारच्या सीटवरचा जीव माझ्यावर विसंबून होता. लेकीसमोर मिरवायची हौस त्या सकाळी सोडली, माझ्या वाट्याचं वैराग्य तेवढंच.

आज आपणही स्वतःला विचारू या: जे मला येतं असं मी सांगतो, ते मी शेवटचं कधी केलं होतं?