ठेव कोणाकडे ठेवावी?

विश्वासाने सोपविलेली वस्तू जशीच्या तशी परत करणे, याला आपल्या समाजाने फार मोठे नैतिक मोल दिले आहे. ठेव बुडविणारा मनुष्य चोरापेक्षाही हलका समजला जातो, कारण चोरावर आपण कधी विश्वास टाकलेला नसतो. हा जुनाच प्रश्न आमच्या गौलीगुड्यातील घरी गेल्या दिवाळीत नव्या रूपाने उभा राहिला. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत निजामी अमदानीतील फारसी सनदा, मोडीतील हिशेब आणि काही खाजगी पत्रे आहेत. त्या सर्वांची छायाचित्रे काढून ती तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या ‘क्लाऊड’वर, म्हणजे दूर कोठेतरी असलेल्या त्यांच्या संगणकांत, ठेवावीत असे चिरंजीवांनी सुचविले. त्यावर थोरले बंधू म्हणाले, “एकावर विश्वास नाही म्हणून तिघांकडे द्यायचे? मग विश्वास उरला कोणावर?”

प्रथमदर्शनी बंधूंचे म्हणणे बिनतोड वाटले. परंतु आपल्या पूर्वजांची रीत आठवून पाहावी. घराण्यातील माणसांची नावे नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत ते आपल्या हाताने लिहून येत. नाशिकच्या उपाध्यायांविषयी त्यांच्या मनात किंतु होता असे नाही. मनुष्य मर्त्य आहे, घराला आग लागते, कागदाला वाळवी लागते, एवढे ते जाणून होते. दुसरी प्रत ठेवणे म्हणजे मानवी मर्यादेची कबुली होय. त्यात पहिल्या रखवालदाराचा अपमान नाही.

शासकीय सेवेत असताना मला याचा प्रत्यय आला. एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पावसाचे पाणी शिरले आणि एका दिवंगत शिपायाच्या सेवापुस्तकाचा लगदा झाला. त्याने घरी ट्रंकेत जपलेली दुय्यम प्रत सापडली, म्हणून त्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर होऊ शकले. त्या बाईंच्या दृष्टीने ‘अभिलेख’ या कोरड्या शब्दाचा अर्थ महिन्याचे धान्य एवढाच होता.

तथापि प्रतींची केवळ संख्या वाढवून भागत नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा वरच्या अंगाची अनेक तळी एकामागून एक फुटली. प्रत्येक तळ्याला स्वतःचा बांध होता. परंतु एकाचे पाणी दुसऱ्यावर लोटले आणि तोही बांध टिकला नाही. पुढे मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि ईसी नदीवर १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. दोन प्रवाह दोन ठिकाणी आवरले गेले.

ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची कथा अशीच आहे. त्याची माहिती गूगलच्या क्लाऊडवर दोन वेगळ्या ठिकाणी होती. मे २०२४ मध्ये गूगलकडून रचनेत झालेल्या एका चुकीमुळे निधीची खाजगी क्लाऊडची वर्गणीच पुसली गेली आणि दोन्ही ठिकाणची माहिती एकदम गेली. प्रती दोन होत्या, पण त्यांवर चालणारी आज्ञा एकच होती. सहा लाखांहून अधिक सभासदांचा तो निधी सावरला, याचे एक मोठे कारण म्हणजे आणखी एका कंपनीकडे ठेवलेली निराळी प्रत. दक्षिण कोरियाला हे भाग्य लाभले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास आग लागली आणि अधिकाऱ्यांच्या कामाची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. ते वाचताना मला तो कागदाचा लगदा आठवला.

आता बंधूंच्या शंकेतील खरा अंश पाहू. प्रत्येक जादा प्रत म्हणजे चोराला जादा दार. यावर उपाय असा की माहिती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, पाठवावी आणि किल्ली आपल्याजवळ ठेवावी. पण ती किल्लीच हरवली तर? म्हणजे मूळ प्रश्न लहान आकारात पुन्हा दारी येतो. आदी शमीर या गणितज्ञाने १९७९ साली एक युक्ती मांडली. किल्लीचे असे तीन भाग करता येतात की कोणतेही दोन एकत्र आले तर कुलूप उघडावे, परंतु एकट्या भागावरून काहीच कळू नये. कोणा एकावर सर्वस्वाचा भार नाही आणि एक दुरावला तरी सर्वनाश नाही. एकत्र कुटुंबाची नीती याहून फारशी वेगळी नसावी.

आम्ही तसेच केले. किल्लीचे तीन भाग तीन भावंडांच्या घरी गेले. थोरल्या बंधूंनीही आपला भाग स्वीकारला. मात्र एक पत्र मी बाजूला काढले. अकाली वैधव्य आलेल्या एका आत्याने आपल्या पोटगीसाठी, फार अपमान गिळून, आजोबांना ते लिहिले होते. सनदा घराण्याच्या आहेत, त्या टिकाव्यात. ते पत्र आत्याचे होते, आणि ते तीन ठिकाणी चिरंतन करावे काय, हे विचारायला ती आज नाही. ते पेटीतच राहिले. कदाचित वाळवी त्याला खाईल. ठेव सांभाळणाऱ्याने ती कोणाची आहे हे विसरू नये, एवढेच मला यातून उमगले. बंधूंनी ते पत्र न उघडता पेटीत ठेवले आणि कडी लावली.