दान कीं ऋण?

माजी विद्यार्थ्यापुढें विद्यापीठानें हात पसरावा तो दानासाठीं, कीं ऋणाच्या फेडीसाठीं? अमेरिकेंतील यहुदी समाजानें १९४८ सालीं ब्रँडाइस विद्यापीठ उभारलें व सर्व धर्मीयांस खुलें ठेविलें. त्याची पहिली तुकडी १९५२ सालीं पदवीधर झाली. आरंभींचे दाते तेथें शिकलेले नव्हते. त्यांचें तें निखळ दान. पुढें शिकून गेलेल्यांवर मात्र त्याचें ऋण आहे. परंतु ऋणाचा तगादा लाविला कीं मूळ दानाचाच सौदा होतो. बाराव्या शतकांतील यहुदी आचार्य मायमोनिडीज यांनीं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. दाता व घेता परस्परांस अज्ञात असणें ही वरून दुसरी. आपल्याकडेही ऋषिऋण ऋषींस परत देऊन फिटत नाहीं, अध्ययन पुढें चालवून फिटतें. म्हणून निधि मागणाऱ्यानें मागच्या दात्याकडे नव्हे, पुढच्या अनोळखी विद्यार्थ्याकडे बोट दाखवावें, असें आम्हांस वाटतें.