माशाचा डोळा आणि आपला डोळा



तोबिताच्या पुस्तकातला मासा आपल्याला ठाऊक आहे. तरुण तोबियाने तो तैग्रीस नदीत धरला, राफाएल दूताच्या सांगण्यावरून त्याचे पित्त जपून ठेवले आणि ते आंधळ्या पित्याच्या डोळ्यांना लावल्यावर वरचे पांढरे पापुद्रे निघून आले. आज आपण दुसऱ्या एका माशाचा विचार करू या. हा आपला जखमी डोळा आपणच बरा करतो.

त्याचे नाव झेब्राफिश. मूळचा आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतला. बोटाएवढाही नाही, अंगावर निळे पट्टे. काचेच्या टाकीत अनेकांनी पाहिला असेल. डोळ्याच्या मागच्या बाजूस एक पातळ पडदा असतो, त्यावर प्रकाश पडला की आपल्याला दिसते. या पडद्यातल्या पेशी माणसात एकदा मेल्या की परत येत नाहीत. मधुमेहाने किंवा काचबिंदूने ज्यांची दृष्टी गेली, त्यांना हे कोणी सांगायला नको. झेब्राफिशच्या पडद्याला इजा झाली, तर मात्र काही आठवड्यांत नव्या पेशी तयार होतात आणि मासा पुन्हा पाहू लागतो.

हे काम करणाऱ्या पेशीला जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख म्युलर यांचे नाव आहे. तिचे रोजचे काम अगदी घरकामासारखे: पडद्याला आधार द्यायचा, इतर पेशींना पोसायचे, त्यांचा केरकचरा आवरायचा. शेजारच्या पेशी मेल्या की ती हे काम बाजूला ठेवते, जणू पुन्हा बाल्यावस्थेत जाते, दुभंगते आणि तिच्यातून जन्मलेली नवी पेशी वाढत वाढत मेलेल्यांच्या जागा भरून काढते.

हीच पेशी आपल्याही डोळ्यात आहे! आम्हांला याचेच अधिक नवल वाटते. पण आपल्यात ती जखमेवर व्रण धरते आणि थांबते. २०२० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स आणि नोत्र दाम (हे आपले कॅथलिक विद्यापीठ) येथील शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीने मासा, कोंबडीचे पिल्लू आणि उंदीर यांच्या या पेशी ताडून पाहिल्या. उंदराची पेशीही इजेनंतर जागी होते, पण काही जनुके तिला पुन्हा निजवतात. ती जनुके बंद केल्यावर उंदरातही काही नव्या चेतापेशी तयार झाल्या.

माणसासाठी असा उपचार आज तरी नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण गेलेली दृष्टी हमखास परत आणून देणारे थेंब विकणारे पुष्कळ भेटतात. वैद्यांच्या मलमांनी तोबिताचीही दृष्टी अधिकच गेली होती.

त्याहून वाईट म्हणजे, काहीजण दिसत नसलेल्या माणसाला म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, असे विचारले होते आणि प्रभू येशूने तो हिशेबच नाकारला. झेब्राफिश ना उपवास करतो ना नवस बोलतो. त्याची दृष्टी परत येते ती त्याला तशी घडवले आहे म्हणून. आपल्यातल्या ज्या आजींची दृष्टी परत येत नाही, त्यांची माळ कमी पडली असे कोणी म्हणू नये. माशाला जे दिले ते आपल्याला का नाही, असे मुलांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले, तर विचारू द्यावे. प्रश्न चांगला आहे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दिसत असतानाच, वर्षातून एकदा, डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. त्रास होण्याची वाट पाहू नये.

आणि तोबिताकडे पुन्हा एकदा पाहा. राफाएल येण्याआधी चार वर्षे तो आंधळाच होता. त्यांतली दोन वर्षे पुतण्या अहिकार याने त्याला सांभाळले आणि बायको हन्ना लोकांचे कापड विणून घर चालवीत होती.