सेमीकोलनचे सोवळे

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजातली 'सी'च्या प्रॅक्टिकलची जुनी वही उघडून पाहा. पहिला प्रोग्रॅम दोन संख्यांच्या बेरजेचा असतो. बेरजेची ओळ एकच, पण तिच्या मागेपुढे केवढा जामानिमा! वर 'कोनिओ डॉट एच', खाली 'व्हॉइड मेन', मग पडदा पुसण्याची आज्ञा आणि शेवटी 'गेट सीएच'. हे कशासाठी, असे मुलांना विचारा. "सरांनी लिहायला सांगितलंय," हे उत्तर ठरलेले. सरांनाही त्यांच्या सरांनी तेच सांगितलेले असते.

कारणे शोधली तर सापडतात. बोरलँड कंपनीचे टर्बो सी++ हे 1990च्या सुमाराचे, डॉसवर चालणारे सॉफ्टवेअर. त्यात प्रोग्रॅम संपला की उत्तराचा पडदा क्षणात नाहीसा होई. उत्तर वाचता यावे म्हणून कळ दाबेपर्यंत थांबण्याची सोय केली, ती 'गेट सीएच'. मागचे उत्तर पडद्यावर तसेच राही, म्हणून आधी पडदा पुसायचा. त्या काळी हे शहाणपणाचेच होते. पण 'कोनिओ' हा प्रमाण सी भाषेचा भाग कधीच नव्हता, आणि 1989च्या प्रमाणकाने 'इंट मेन' लिहायला सांगितले होते. पुढे डॉस गेले, तर आपण डॉसबॉक्स नावाचा नकली डॉस बसवून टर्बो सी चालू ठेवले. कारण मेले तरी विधी उरतो, याला इतर बाबतीत आपण काय म्हणतो ते वाचकांना ठाऊक आहे.

प्रोग्रॅमिंगची भाषा अपौरुषेय नसते. तिचे प्रत्येक चिन्ह कोणीतरी आपल्या सोयीसाठी ठरवलेले असते, आणि बहुतेक वेळा ठरवणाऱ्याचे नावही माहीत असते. (ज्यांना अपौरुषेय भाषेचाच सोस आहे ते 'नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवले' असे आजही छातीठोक सांगतात. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी 1985 साली एक लेख लिहिला, एवढे खरे. शास्त्रग्रंथांतल्या संस्कृतची वाक्य उलगडण्याची रीत कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञानाच्या मांडणीशी जुळते, असे त्यांचे म्हणणे होते. नासाने काहीही ठरवले नव्हते. पाणिनीची थोरवी अशा अफवांवर उभी नाही.)

आता एक चिन्ह जवळून पाहू. शाळेत 'बरोबर'चे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू समान. सी भाषेत तेच चिन्ह 'ही किंमत या नावात ठेव' असा हुकूम देते, आणि समान आहे का हे विचारायचे तर ते दोनदा लिहावे लागते. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन यांनी सीच्या आधीच्या बी भाषेत हे केले. किंमत ठेवण्याचे काम वारंवार पडते, म्हणून त्याचे चिन्ह आखूड असावे, हा हिशेब. टंकणाऱ्याची एक कळ वाचली. निकालाच्या प्रोग्रॅममध्ये 'गुण 35 असतील तर काठावर पास असे छाप' हे लिहिताना मुलीने ते चिन्ह एकदाच दिले, तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि प्रत्येकाला 35 गुण देऊन टाकतो. नव्वदवालीही काठावर आणि नापासही काठावर. पायथनमध्ये ही ओळ चालतच नाही, तिथल्या तिथे अडवली जाते. चूक तीच, मुलगीही तीच. एका भाषेने तिला सावध केले, दुसरीने फसवले. तरी शेरा मुलीला मिळतो: 'लक्ष नाही.'

'मेक' या साधनाची कथा याहून बोलकी आहे. 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते केले. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, मोकळ्या जागा चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ही अडचण त्यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून टॅब तसाच राहिला. डझनभरांची गैरसोय टाळली, ती पुढे लाखोंच्या गळ्यात पडली.

यावर आक्षेप ठरलेला आहे: इतकी वाईट असती तर ही चिन्हे जगभर पसरली असती का? पसरली, कारण लोकांना त्यांची सवय होती. 1995 साली आलेल्या जावाने सीचे महिरपी कंस आणि सेमीकोलन मुद्दाम ठेवले, म्हणजे सी++ लिहिणारे बिचकणार नाहीत. त्याच वर्षीच्या जावास्क्रिप्टने जावाचा पेहराव घेतला. रूढी बहुमताने टिकते, पण म्हणून ती योग्य ठरत नाही. अँड्रियास स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांना वेगवेगळ्या भाषा दिल्या. त्यांतल्या एका भाषेची चिन्हे निव्वळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. जावा आणि पर्ल वापरणारे नवशिके ती चिठ्ठ्यांची भाषा वापरणाऱ्यांपेक्षा लक्षणीय अचूक ठरले नाहीत. पायथन आणि रुबी वापरणारे ठरले. एका अभ्यासाने सगळे सिद्ध होत नाही. पण 'आम्ही असेच शिकलो' या पुराव्यापेक्षा तो नक्कीच वजनदार आहे.

"कष्टाशिवाय शिस्त येत नाही," असे गुरुजन म्हणतील. कष्ट विचाराचे असावेत. लूप कुठे थांबवायचा हे शोधताना डोके शिणले तर बुद्धी वाढते. हरवलेला सेमीकोलन शोधताना फक्त तास संपतो. आणि चिन्हांची शिस्त जाणत्यांनाही वाचवत नाही. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडल्याचे 2014 साली उघड झाले. कंस नसल्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर गेली, आणि पुढची तपासणीच वगळली गेली. ते लिहिणारे काही मंदबुद्धी नव्हते.

नोकरीत जावा, सी++ विचारतात हेही खरे. ती दुसऱ्या वर्षी शिकवा. तर्क पक्का झालेल्याला चिन्हे बदलायला फार वेळ लागत नाही. कोड आता यंत्रच लिहून देईल म्हणाल, तर वाचायचे माणसालाच उरते, आणि सुवाच्य भाषेची गरज उलट वाढते.

मोहोळहून रोज एसटीने सोलापूरला किंवा पंढरपूरला जाणारी, मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सत्रात संगणकाला भेटते ती याच सोवळ्यातून. शहरातल्या मुलाला घरी विचारायला कोणी असते. हिला पडद्यावरची इंग्रजीतली त्रुटी आणि वर्गातले हसू, एवढेच मिळते. महिन्याभरात ती ठरवते की हे आपले काम नव्हे. तिच्या बुद्धीची परीक्षा झालेलीच नसते. झालेली असते ती तिसऱ्याच माणसाने पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या निवडीची.

सीबीएसईने अकरावी-बारावीला सी++ सोडून पायथन घेतली. आपल्याकडे अभ्यासक्रम बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. शिक्षकांनो, यंदाच्या वहीत प्रत्येक ओळीशेजारी ती काय करते हे मुलांना मराठीत लिहायला लावा. ज्या ओळीचे कारण तुम्हाला सांगता येणार नाही ती खोडा. आणि कागदावर पेनाने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सेमीकोलन राहिला म्हणून गुण कापू नका.