सुटीचा बेत आणि नानकटाई

संसार म्हणजे बेतांची न संपणारी मालिका आहे, हे बदलीच्या नोकरीतील माणसास इतरांपेक्षा लवकर कळते. गावी राहणाऱ्याची पुष्कळशी कामे आप्त, शेजारी आणि जुनी वहिवाट परस्पर उरकून टाकतात. परमुलखात मात्र रजईत नवा कापूस भरून आणण्यापासून मुलांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक गोष्ट आधी योजावी लागते, आणि ती पार पाडावयास सुटीचा दिवस तेवढा हाती असतो. अशा योजलेल्या दिवशी घरातील चार-पाच वर्षांची मुले ‘आज आपण नानकटाई करू या’ म्हणून हटून बसली, तर मोडावे काय, बेत की हट्ट? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि कर्तव्य कशास म्हणावे, या मोठ्या प्रश्नाचे टोक त्यात अडकलेले आहे, असे आम्हांस वाटते.

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरच्या रस्त्यावर, बख्शी का तालाब येथे हवाई दलाचा तळ आहे. नवाबी अमलात फौजेच्या पगाराचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यास बख्शी म्हणत. अशा एका बख्शींनी बांधविलेल्या तलावावरून गावास हे नाव पडले. (आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्याचे नाव हिशेबामुळे न राहता तलावामुळे राहिले, ही गोष्ट आम्हां कारकुनांस अंमळ बोचणारी आहे.) या भागात पौष-माघात धुके असे दाटते की कित्येक दिवस ऊन म्हणून दिसत नाही. गाद्या, रजया दमट होतात, लहान मुलांच्या छाती भरतात. मग एखाद्या सुटीच्या दिवशी लख्ख ऊन पडले म्हणजे घरातील सारे अंथरूण-पांघरूण गच्चीवर नेणे, डाळी-तांदूळ वाळविणे, ट्रंका उघडणे असा भरगच्च बेत ठरतो. तो चुकला तर पुढचे ऊन केव्हा पडेल याचा नेम नसतो. म्हणजे येथे एका पारड्यात मुलांची हौस आणि दुसऱ्यात निव्वळ आमची टापटिपीची आवड आहे, असे म्हणून सुटता येत नाही.

नानकटाई ही वस्तूही या मुलांना परकी नाही. लखनौच्या रस्त्यांवर थंडीत हातगाडीवर, खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे ठेवून, ती गरम गरम भाजून देतात. महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी मैदा, तूप, साखर डब्यांत घालून बेकरीच्या भट्टीवर नेण्याची आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या पत्र्यांवर डोळा ठेवून उभे राहण्याची रीत अनेक वाचकांनी लहानपणी अनुभवली असेल. ‘नान’ हा फारसी शब्द भाकरीचा. पदार्थ सुरतेच्या भट्ट्यांतून नावारूपास आला असे सांगतात. घरी भट्टी नसली तरी अडत नाही. कुकरची शिट्टी आणि रबरी कडे काढावे, तळाशी जाड मीठ पसरावे, त्यावर तिवई व ताटली ठेवावी आणि मंद आचेवर वीसेक मिनिटे थांबावे. मोठ्या माणसास हे सारे तासाभराचे काम. मुले हाताशी असली की अडीच-तीन तास हमखास लागतात, कारण एक तूप फेसताना हातच चाटत बसतो आणि दुसरीला प्रत्येक गोळ्यावर वेलचीचे दाणे मोजून लावावयाचे असतात.

ॲरिस्टॉटलने क्रियांचे दोन प्रकार मानले. घर बांधणे ही क्रिया घर उभे राहीपर्यंत अपुरीच असते. उलट पाहणे ही क्रिया प्रत्येक क्षणी पुरीच असते. नानकटाई भाजणे हे आमच्या लेखी पहिल्या प्रकारात मोडते, मुलांच्या लेखी दुसऱ्या. १९०७ साली रोम येथे आपले पहिले बालगृह उघडणाऱ्या मॉंटेसरीबाईंनी हाच भेद निराळ्या रीतीने दाखविला : मोठी माणसे फळासाठी काम करतात, मूल कामातून स्वतःलाच घडवीत असते. ही विचारसरणी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या आणि पुढे १९४५ पासून बोर्डीला ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांनी आपल्याकडील सामान्य, किंबहुना अत्यंत गरीब घरांतील मुलांपर्यंत पोहोचली. निवडणे, ओतणे, पुसणे, मळणे यांस तिने शिक्षणात मानाचे स्थान दिले. तेव्हा पिठात हात घालू देणे म्हणजे मुलांचे निव्वळ लाड पुरविणे, हा समज टिकत नाही.

परंतु म्हणून बेत सोडावा, असे लगेच ठरते काय? या ठिकाणी बहुतेक सुजाण माणसे ‘बालपण पुन्हा येत नाही’ असे उत्तर देतात. हे उत्तर आम्हांस पटत नाही. ते खरे आहे, पण त्यात एक सूक्ष्म सावकारी आहे. आज तीन तास गुंतवावे आणि म्हातारपणी आठवणींचे व्याज खावे, असा तो व्यवहार होतो; आणि असा हिशेब मनात ठेवून पीठ मळणाऱ्या बापाच्या चेहऱ्यावर तो मुलांस वाचता येतो. ‘तुमच्यासाठी आज अमुक काम टाकले’ हे वाक्य तोंडातून निघाले की त्या नानकटाईला किंमत चिकटलीच.

आमच्या मते कसोटी बेताचीच लावावी. काही बेत म्हणजे कोणास तरी दिलेला शब्द असतो, आणि काही बेत केवळ स्वतःच्या मनाच्या नीटनेटकेपणासाठी असतात. कचेरीत फाइली निकालात काढण्याची सवय जडलेल्या आमच्यासारख्या माणसास दुसऱ्या प्रकारचे बेतही पहिल्याइतकेच पवित्र वाटू लागतात. ट्रंका पुढच्या महिन्यात उघडल्या तरी चालतात. डाळींचे डबेही आणखी आठवडाभर तग धरतात. रजयांचे तसे नाही. दमट रजई त्याच मुलांच्या अंगावर पडावयाची असते, म्हणून ती सकाळी गच्चीवर गेलीच पाहिजे, मग पीठ तासभर थांबले तरी हरकत नाही. मुलांना ‘थांबा’ म्हणण्यात अन्याय नाही. ‘थांबा’ म्हणून विसरून जाण्यात आहे.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो पुरुषमंडळी सहसा विचारीत नाहीत. बेत मोडला असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणाचा मोडतो? बाप औदार्याने मुलांना घेऊन ओट्यापाशी उभा राहतो, आणि मैदा सांडलेला स्वयंपाकघराचा ताबा दुपारी घरातील बाईकडे परत येतो. तिच्या यादीतील कामे कमी झालेली नसतात, उलट तुपकट भांड्यांची त्यांत भर पडलेली असते. दुसऱ्याचा वेळ उधळून दाखविलेल्या औदार्यास दान म्हणता येणार नाही. ज्याने बेत मोडला त्यानेच मोडलेल्याची भरपाई करावी, एवढे तरी न्यायाने प्राप्त होते. म्हणजे ताटल्या आणि कुकर त्यानेच घासावेत, मिठाचा थर गार झाल्यावर पुढच्या वेळेसाठी बरणीत भरून ठेवावा, आणि हे सारे चारच्या आत आटोपावे. कारण या मुलखात त्यानंतर ऊन फार वेळ राहत नाही आणि गच्चीवरच्या रजया दव पडण्यापूर्वी खाली आणावयाच्या असतात.